मक्यावरची लष्करी अळी आणि एआयचा सापळा: कॅमेरा नर मोजतो, पोंगा अळी खाते

नमस्कार दादा,

आधी तुमचा प्रश्न इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. सिल्लोड भागातल्या तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांचा मिळून ३०० एकरांच्या आसपास मका असतो. एका विक्रेत्याने तुम्हाला सौर पॅनलवर चालणारा, आत कॅमेरा असलेला कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या गंधाची नक्कल लावून पतंग पकडणारा सापळा, दाखवला. अमेरिकन लष्करी अळीचे पतंग त्यात अडकले की यंत्र ते स्वतः ओळखतं, मोजतं आणि आकडा वाढला की सभासदांच्या मोबाइलवर ‘फवारणी करा’ असा संदेश जातो. अचूकता ९५ टक्के आहे आणि दर २० एकरांना एक बसवा, असं तो म्हणतो. घ्यावेत का, आणि फवारण्या खरंच कमी होतील का, असं तुम्ही विचारलं आहे. शेवटी ड्रोनचंही विचारलं आहे.

घ्या, पण पंधरा नको. दोन, फार तर तीन. आणि ‘फवारणी करा’ हा संदेश पहिल्याच दिवशी बंद करायला लावा. त्याच्या जागी ‘अमुक प्लॉटमध्ये जाऊन पोंगे बघा’ असा संदेश जाऊ द्या. पोंगा म्हणजे मक्याच्या शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, अळी तिथेच बसते. फवारण्या कमी होणं न होणं सापळ्यांच्या संख्येवर नाही, ह्या एका बदलावर आहे. असं का म्हणतो ते किडीच्या सवयी बघितल्याशिवाय पटणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

ही कीड मूळची आपली नाही. अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत सापडली आणि दोनेक वर्षांत सहाराच्या खालचा बहुतेक भाग तिने व्यापला. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर दिसली, त्याच वर्षी सोलापूर-सांगलीत पोचली. पतंग वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रीत १०० किलोमीटरपर्यंत जातो. शिवाय हिला सुप्तावस्था नाही. म्हणजे बोंडअळीसारखी ती गप्प पडून हंगामाची वाट बघत नाही. अमेरिकेत कडाक्याच्या थंडीत ती उत्तरेकडे टिकत नाही. फ्लोरिडा-टेक्सासच्या दक्षिण टोकाला तग धरते आणि दर वर्षी नव्याने वर सरकते. आपल्याकडे तिला असा खंड पडतच नाही. खरिपाचा मका निघतो तोवर रब्बीचा उगवलेला असतो, रब्बीचा निघतो तोवर कुणीतरी विहिरीच्या पाण्यावर चाऱ्याला पेरलेला असतो. त्यामुळे ‘कीड येणार का’ हे सांगायला यंत्र नको, ती असतेच. कधी, कुठल्या प्लॉटमध्ये आणि किती दिवसांच्या मक्यावर, हे जो सांगेल त्याला पैसे द्यायचे.

आता सापळ्याकडे येऊ. मादी पतंग रात्री एका जागी बसून गंध सोडते आणि नर त्या गंधाच्या मागावर येतो. ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यात लावायच्या रबराच्या आमिषात, ह्याच गंधाची नक्कल असते, मुख्य एक घटक आणि त्याच्या जोडीला अगदी थोडा दुसरा. ह्या नकलेवर येतो तो फक्त नर. अंडी घालणारी मादी सापळ्याकडे फिरकत नाही. म्हणजे कॅमेऱ्यात दिसणारा पतंग पान खात नाही, अंडी घालत नाही आणि तो तुमच्याच शेतातला आहे याचीही खात्री नाही. त्याच्यात आणि तुमच्या नुकसानीत मादी, अंडीपुंज आणि अळीच्या लहानपणीच्या दोन अवस्था एवढं सगळं उरतं.

त्यात आणखी एक मेख आहे. शेतात खऱ्या माद्या जास्त झाल्या की ल्यूरला स्पर्धा होते. जिवंत मादीचा गंध जवळच दरवळत असताना नर रबराच्या तुकड्याकडे कशाला येईल? त्यामुळे प्रादुर्भाव चढत असताना सापळ्यातला आकडा कधी कधी खाली येतो. मोबाइलवर हिरवा रंग दिसतो आणि पोंग्यात अळी असते. जोराचा वारा, पाऊस, चांदणं ह्यांनीही आकडा हलतो. सापळ्याच्या उंचीने तर फारच. सापळा पिकाच्या शेंड्याच्या जरा वर असावा लागतो आणि मका सहा आठवड्यांत गुडघ्यापासून डोक्याच्या वर जातो. साधा, नरसाळ्यासारखा फनेल सापळा आपण काठीवर सरकवत नेतो. कॅमेऱ्याचा सापळा एकदा पाइपावर बोल्ट मारून बसवला की कोणी हात लावत नाही, कारण तो महाग असतो. विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा, खांब वरखाली होतो का.

‘जास्त सापळे म्हणजे जास्त पतंग मरणार’ हेही तो सांगेल. एक नर आयुष्यात अनेक माद्यांशी मिलन करतो. दहातले सात नर पकडले तरी उरलेले तीन काम भागवतात. मोठ्या संख्येने सापळे लावून नर कमी करायचेच असतील तर ते साध्या, स्वस्त सापळ्यांनी एकरी पंधराच्या हिशोबाने आणि सगळ्या शिवारात एकाच वेळी करायचं काम आहे. कॅमेऱ्याच्या सापळ्याने ते करणं परवडणारं नाही.

९५ टक्क्यांचं गणित करून बघू. लष्करी अळीच्या ल्यूरवर फक्त लष्करी अळीचेच नर येतात असं नाही. आफ्रिकेत ह्याच ल्यूरवर ल्युकेनिया लोरेयी नावाचा, गवत-मक्यावरचाच दुसरा पतंग ढिगाने सापडला आणि मोजणाऱ्यांची फसगत झाली. तो आपल्याकडेही आहे. जुनी देशी लष्करी अळी, तंबाखूवरची पानं खाणारी अळी ह्यांचे पतंगही रंगाने-आकाराने जवळचे. आता समजा हंगामाच्या सुरुवातीला एका रात्री सापळ्यात १ खरा नर आणि ३० इतर पतंग पडले. यंत्र खरा नर ओळखतं, पण इतरांपैकी दर दहात एकाला चुकून लष्करी अळी म्हणतं. (खरे आणि इतर निम्मे-निम्मे ठेवून तपासलं तर हेही ९५ टक्केच भरतं.) मोबाइलवर आकडा येतो ४. आपल्याकडे सल्ल्यात ‘सापळ्यात ३ पतंग’ ही सावध होण्याची पातळी धरतात. म्हणजे एका पतंगावर सगळ्या गटाला फवारणीचा संदेश गेला. यंत्र खरा पतंग ओळखायला चुकलं नव्हतं, फक्त इतरांची गर्दी जास्त होती. तेव्हा अचूकता किती हे विचारू नका. असं विचारा: इतर पतंगांपैकी किती जणांना तुमचं यंत्र लष्करी अळी समजतं, आणि ज्या फोटोंवर त्याला शिकवलं ते कुठल्या देशातले, टाचणी लावून पंख पसरलेल्या ताज्या पतंगांचे की चिकट पत्र्यावर दोन दिवस पडून खवले झडलेल्यांचे?

हा शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ताज्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाला पांढुरका ठिपका असतो आणि मधोमध तिरका, फिकट लंबगोल डाग. त्यावरून तो ओळखू येतो. चिकट पत्र्यावर फडफडला की हे खवले गमवतो आणि उरतो एक तपकिरी, उघडा जीव. त्यावर दुसरा पडतो, त्यावर गांधील माशी, मग मुंग्या येऊन अर्धं धड नेतात. ऑगस्टच्या झडीत काचेवर वाफ धरते, पॅनलला ऊन नसतं, कोळी भिंगासमोर जाळं विणतो. आठवड्यातून दोनदा पत्रा बदलणारा आणि काच पुसणारा माणूस नेमला नसेल तर यंत्र घेऊ नका. तुमच्याकडे हा माणूस ठरलेला असेल, त्याला त्याचे पैसे मिळणार असतील, तरच पुढे वाचा.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही हेही सांगून ठेवतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाने आशियाई गांधील माशीसाठी ‘व्हेस्पएआय’ नावाची यंत्रणा केली आहे, ती मला मनापासून आवडते. ही माशी २००४ मध्ये फ्रान्समध्ये शिरली आणि मधमाश्यांच्या वसाहती फस्त करत युरोपभर पसरली. गोड आमिषाच्या पेटीवर कॅमेरा असतो, माशी येऊन बसली की ती युरोपातली नेहमीची गांधील माशी की परकी हे यंत्र ठरवतं आणि परकी असेल तरच माणसाला कळवतं. माशीला मारत नाही. कारण तिची सवय अशी की आमिष घेऊन ती सरळ पोळ्याकडे जाते आणि पुन्हा येते. जाण्याची दिशा आणि परतायला लागलेला वेळ बघत माणसं पोळ्यापर्यंत पोचतात. तिथे कॅमेऱ्यात दिसते तीच माशी उपद्रव करते आणि तीच घर दाखवते. एक पोळं काढलं की त्या भागातला प्रश्न मिटतो. लष्करी अळीत असं काही नाही. दिसतो तो बाप, खाते ती मुलं, आणि मधे आठवडा-दीड आठवडा जातो. तोच कॅमेरा, तेच तंत्र, पण किडीची सवय वेगळी म्हणून यंत्राकडून मागायचं कामही वेगळं.

आता अळीकडे. मादी शंभर-दोनशे अंड्यांचा पुंज घालते आणि वर स्वतःच्या अंगावरची राखाडी लव पांघरते. उन्हाळी-खरिपाच्या तापमानात दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बारक्या अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, पांढरा पापुद्रा तसाच राहतो. पान उजेडात धरलं की त्या जागी कागदासारखी खिडकी दिसते. मग त्या रेशमी धाग्याला लटकून वाऱ्यावर शेजारच्या झाडांवर जातात. म्हणून सुरुवातीचा प्रादुर्भाव शेतभर सारखा नसतो, ठिकठिकाणी घोळका असतो. एका झाडावर खिडक्या दिसल्या की त्याच्या भोवतीची दहा-पंधरा झाडं बघितल्याशिवाय पुढे सरकू नये. तिसऱ्या अवस्थेपासून अळ्या एकमेकींना खायला लागतात. शंभर अंड्यांतून शेवटी एका पोंग्यात एक, क्वचित दोन मोठ्या अळ्या उरतात. मोठी अळी पोंग्याच्या तळाशी बसते आणि वर तिच्याच विष्ठेचा, लाकडाच्या भुशासारखा बोळा असतो. चौथ्या अवस्थेनंतर हा बोळा औषधाला आडवा येतो. तेव्हा फवारलेलं पान भिजतं आणि अळी कोरडी राहते. पैसे जातात ते इथे.

हे कळलं की मोबाइलवर पानाचा फोटो काढून कीड ओळखणाऱ्या अॅपची मर्यादाही कळते. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने ह्या किडीच्या निरीक्षणासाठी अॅप काढलं आणि अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा ‘नुरू’ हा एआय सहायक त्याला जोडला. इंटरनेट नसलेल्या शेतातही तो पानावरचं नुकसान ओळखतो. आफ्रिकेतल्या लहान शेतकऱ्यासाठी ही चांगलीच सोय. पण मक्याच्या पानावर ओळीत पडलेली, एकासारखी एक भोकं असतात ना, ती फोटोत सगळ्यांत उठून दिसतात आणि सगळ्यांत कमी कामाची असतात. पान गुंडाळीत असताना अळीने एकदा आरपार खाल्लं, मग पान उलगडलं आणि भोकांची ओळ दिसली. ह्यात बरेच दिवस गेले. अळी आता तिथे असेल, कोष करायला जमिनीत गेली असेल किंवा पक्ष्याने उचलली असेल. भोकं मोजणारं यंत्र झालेलं नुकसान मोजतं, चालू नुकसान नाही.

म्हणून तुमच्या मुलांना फोटो काढायचे शिकवा ते असे. झाडाच्या वर उभं राहून पोंग्यात उभा कॅमेरा धरायचा. सगळ्यांत आतली दोन-तीन पानं आली पाहिजेत. त्यात खिडक्या आहेत का, आणि भुसा आहे तर तो ओला, फिकट आहे की वाळून गडद झाला आहे, हे दिसलं पाहिजे. ओला भुसा म्हणजे अळी आत आहे. शेतात डब्ल्यू आकारात चालत पाच ठिकाणी दहा-दहा झाडं बघायची. शंका असेल तिथे पोंगा उकलून अळी हातात घ्यायची. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटीकडच्या शेवटून दुसऱ्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतील तर लष्करी अळी. हे ओळखायला एआय लागत नाही, आठवीतली मुलगी एकदा दाखवलं की करते.

मग कॅमेऱ्याचा सापळा दोन-तीन तरी कशाला घ्यायचा? घड्याळ म्हणून.

अळीची वाढ तापमानावर चालते. साधारण १२-१३ अंशांच्या खाली ती जवळजवळ थांबते. अंड्यापासून पतंगापर्यंत, त्यावरची उष्णता मोजत गेलं तर ४०० अंश-दिवसांच्या आसपास लागतात. खरिपात दिवस-रात्रीचं सरासरी तापमान २६ अंश धरा. १२.५ वजा केले तर रोज साडेतेरा अंश जमा होतात, म्हणजे पिढी महिनाभरात. डिसेंबरात सरासरी २० वर आली की रोज साडेसातच जमतात आणि तीच पिढी पन्नास दिवसांच्या पुढे जाते. हा हिशोब वहीवर होतो, पण रोजच्या तापमानाशी आणि रोजच्या पतंगांशी तो जोडत राहणं माणसाला कंटाळवाणं आहे आणि यंत्राला नाही. एआयची खरी जागा ही. पतंगांचा आकडा आज एकदम चढला, तर अंडी कधी पडतील, कधी फुटतील, अळी पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत कुठल्या चार दिवसांत असेल, हे ते सांगू शकतं. ते चार-पाच दिवस सापडले तर निंबोळीसारख्या सौम्य औषधानेही काम होतं. निसटले तर महागातलं औषधही पोंग्याच्या तोंडाशी अडतं.

विक्रेत्याला सांगा, तुमच्या सॉफ्टवेअरमधून आम्हाला आकडा नको, तारीख हवी. ‘आज १२ पतंग’ ह्याने शेतकरी घाबरतो. ‘गुरुवार ते रविवार खिडक्या शोधा’ ह्याने तो शेतात जातो. त्याच्याकडे हे नसेल तर ते करून देईल का विचारा, नाही म्हणाला तर सापळा घेण्यात अर्थ नाही.

ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक असलेलं कार्ड, त्यासाठीही हेच घड्याळ लागतं. अंड्यांत आपली अंडी घालणारे हे बारीक मित्रकीटक आपण कॅलेंडर बघून सोडतो, आणि शेतात तेव्हा अंडीच नसतात. अंड्यांची अवस्था जेमतेम दोन-तीन दिवसांची. पहिले पतंग दिसल्याबरोबर कार्ड लावायला सुरुवात करून दर आठवड्याला लावत गेलं तर गाठ पडते. मिळाला तर टेलेनोमस रेमस हा तसाच दुसरा मित्रकीटक मागा. ट्रायकोग्रामा पुंजाच्या वरच्या अंड्यांवर भागवतो, लव दाट असेल तर तिथेच अडतो. टेलेनोमस लवेतून आत शिरून खालच्या थरातली अंडीही गाठतो. कार्ड लावलेल्या प्लॉटवर लगोलग रासायनिक फवारणी केली तर कार्डाचे पैसे मातीत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता तुमच्याकडे आधीच असलेली आणि कोणत्याही सापळ्यापेक्षा मोलाची माहिती: पेरणीची तारीख. मादीला कोवळा मका आवडतो. शिवारात सगळ्यांचा मका कमरेएवढा झाला आणि एकट्याने पंधरा-वीस दिवस उशिरा पेरला, तर आजूबाजूला तयार झालेले पतंग त्याच्याकडे वळतात. गटातल्या प्रत्येक प्लॉटची पेरणीची तारीख, वाण आणि बीजप्रक्रिया केली (पेरणीआधी बियाण्याला औषध लावलं) की नाही, एवढी तीन रकान्यांची यादी करा आणि ती यंत्राला द्या. सापळ्यात पतंग वाढले की ३०० एकरांत पहिली धाव कुठे घ्यायची ते ही यादी सांगते. बीजप्रक्रिया केलेल्या मक्याला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे बरंच संरक्षण असतं, तिकडे नंतर गेलं तरी चालतं. सगळ्यांची पेरणी आठ-दहा दिवसांत उरकण्यावर बैठकीत एकमत झालं, तर मला वाटतं त्याने दोन यंत्रांपेक्षा जास्त फरक पडेल. गावात ते किती अवघड आहे तेही मला माहीत आहे. पाऊस सगळीकडे एका दिवशी पडत नाही आणि ट्रॅक्टर एकच असतो.

उरलेल्या प्लॉटसाठी साधे फनेल सापळे पुरेत, देखरेखीसाठी एकरी चार-पाच. त्यातली मोजणी मोबाइलवर करता येते. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने कापसाच्या बोंडअळ्यांसाठी केलेलं काम इथे घेण्यासारखं आहे: शेतकरी सापळा कागदावर रिकामा करतो, फोटो काढतो, अॅप पतंग मोजून सल्ला देतं. यात मला आवडतं ते हे की पतंग एकमेकांवरून बाजूला करणं, मुंगी झटकणं हे काम माणसाने केलं आणि मोजायचं काम यंत्राने. मक्यात हेच करा. पांढरा कागद, सकाळचा उजेड, पतंग बोटाने सुटे केलेले, कोपऱ्यात प्लॉटचं नाव आणि तारीख लिहिलेली. अॅप नसलं तरी हे फोटो व्हॉट्सअॅपवर एका जाणकाराकडे गेले तर बरंच काम होतं. केंद्र सरकारची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली १५ ऑगस्ट २०२४ ला सुरू झाली, तीही फोटोवरून कीड ओळखते. तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे कृषी सहायक) ती मोबाइलवर घेऊन ठेवा. आणि क्रॉपसॅप विसरू नका. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीन अळ्यांनी फस्त केल्यावर सुरू झालेली आपल्या राज्याची ती निरीक्षण योजना. त्यात एआय नव्हतं, दर आठवड्याला ठरलेल्या शेतात जाऊन मोजणारी माणसं होती. आज कुठल्याही यंत्राला शिकवायला लागते ती नेमकी अशीच शिस्तीने जमवलेली माहिती.

निर्णयाची पातळी सांगतो. रोप ते लहान पोंगा अवस्थेत शंभरातली पाच झाडं ताज्या खाणाऱ्या अळीची दिसली तर निंबोळी अर्क ५ टक्के किंवा अझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम. मोठ्या पोंग्यात १० ते २० झाडांपर्यंत थांबता येतं, मका तेवढं सोसतो आणि भरून काढतो. त्यापुढे शिफारशीतलंच रासायनिक औषध, लेबलवर मका आणि लष्करी अळी लिहिलेलं आहे का ते बघून, आणि दर वेळी औषधाचा गट बदलून. एकच औषध तीनदा मारलं तर पुढच्या वर्षी ते चालणार नाही. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, नोझल पोंग्याच्या तोंडावर. लहान प्लॉट असेल तर वाळू आणि चुना ९:१ करून चिमूटभर पोंग्यात टाकणं हा पहिल्या महिन्यातला स्वस्त उपाय आहे, घरातली माणसं मिळून अर्धा एकर सहज करतात. जोराचा पाऊस झाला असेल तर फवारणीआधी पुन्हा बघा, पोंग्यात पाणी साचून बारक्या अळ्या आपोआप मरतात. मुरघासाला किंवा हिरवा चारा म्हणून मका जाणार असेल तर औषधाचा प्रतीक्षा काळ संपल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नका. दुधाच्या गावात हे कटाक्षाने पाळायला लावा.

करार करताना चार गोष्टी लिहून घ्या. सापळ्याने काढलेले मूळ फोटो तुम्हाला रोज बघायला मिळाले पाहिजेत, नुसता आकडा नाही. यंत्राची चूक तुम्ही दुरुस्त केली तर ती त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जायची सोय हवी. ल्यूर दर महिन्याला बदलावा लागतो, तो कोण देणार, शीतपेटीतून येणार का, आणि बाहेरच्या कंपनीचा लावता येतो का. कारण काही कंपन्या यंत्र स्वस्तात देतात आणि नंतर ल्यूर-पत्र्यावर कमावतात. आणि तुमच्या शिवाराची माहिती, कुठल्या प्लॉटमध्ये किती कीड, ही औषध कंपनीला विकायची नाही. पतंग वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी गावात औषधाची गाडी उभी राहिलेली दिसली तर ती माहिती कुठून गेली हे शोधायला लागेल.

पहिल्या हंगामात दोन सापळे लावा: एक सगळ्यांत आधी पेरलेल्या पट्ट्यात, एक सगळ्यांत उशिराच्या. प्रत्येकाशेजारी, पण ३०-४० मीटर लांब, एक साधा फनेल सापळा. आठवड्याला दोन्हीतले पतंग आणि आसपासच्या पाच प्लॉटमधल्या ताज्या पोंग्यांची टक्केवारी एका वहीत. ल्यूर हाताळताना हातमोजे, आणि ज्या हाताने बोंडअळीचा ल्यूर लावला त्याच हाताने हा नको, गंध मिसळला की दोन्ही सापळे बिघडतात. दिवाळीनंतर ती वही घेऊन बसू. यंत्राचा आकडा आणि पोंग्यातली अळी ह्यांचं तुमच्या शिवारात जुळतं का, आणि किती दिवसांच्या अंतराने, हे त्यातून दिसेल. तिसरा सापळा त्यानंतर.

ड्रोनचं थोडक्यात. एकरी दहा लिटरच्या आसपास पाण्यात तो फवारतो, म्हणजे थेंब बारीक आणि थोडे. मका गुडघ्याएवढा असताना माणूस पाठीवरच्या पंपाने पोंग्यात नेमकं मारू शकतो, तिथे ड्रोन नको. मका खांद्याच्या वर गेला, आत शिरता येत नाही आणि पातळी ओलांडली आहे, अशा प्लॉटसाठी भाड्याने घ्या, प्रशिक्षित चालकाकडूनच, आणि वारा पडलेला असताना. बांधाला मधपेट्या असतील तर त्या मालकाला आदल्या दिवशी सांगा. तुरा बाहेर पडलेल्या मक्यावर मात्र ड्रोनने नको आणि पंपानेही नको. त्या वेळी फवारणीचा खर्च निघत नाही. कणसाच्या टोकाला दिसतील त्या अळ्या वेचून घ्या.